साऊंडवाल्या दादांचे जाहीर आभार

दादा, नमस्कार.

मांडवात माईकवरून आभार मानले असते तर तुम्ही "राहू द्या हो" म्हणत मिक्सरमागे दडला असता. म्हणून हे पत्र.

आमच्या सप्ताहातली कीर्तनं आम्ही कॅमेऱ्यावर घेतो ती गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्यांसाठी. कॅमेरा बरा आहे, आणि महाराजांपुढचा माईक तुमचाच, शुअरचा एसएम ५८. तरी तक्रार यायची, "मोबाईलवर आवाजच येत नाही." मी हेडफोन लावून ऐकावं तर आवाज खणखणीत! विचारलं त्या प्रत्येकाचं उत्तर एकच : माईक बदला. एका दुकानदाराने तर भावही सांगून टाकला.

तुम्ही माईककडे बघितलंही नाहीत. हेडफोन कानाला लावलात आणि म्हणालात, "महाराज मधोमध बसत नाहीत, दोन कानांत फाटलेत. ती वायर द्या इकडे." विकतची तयार वायर होती. एका टोकाला माईकची तीन पिनांची कॅनन (एक्सएलआर) जोडणी, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यात जाणारी ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन. मल्टिमीटर बीप करत गेला आणि तुम्ही मला दाखवत गेलात. कॅननची २ नंबरची पिन डाव्या बाजूला जोडलेली, ३ नंबरची उजव्या.

माईक एकच आवाज दोन तारांवर पाठवतो, पण एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा, हे तेव्हा कळलं. लांबच्या वायरीत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असते, त्यामुळे मिक्सर दोन्हींतला फरक घेतो तेव्हा ती गळून पडते. कॅमेऱ्याला हे कुठलं ठाऊक? त्याने एक तार डावी धरली, एक उजवी. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे, म्हणून ऐकू येत होतं. एका स्पीकरच्या मोबाईलने डावं-उजवं एकत्र केलं की सुलट्यात उलटा मिळून बाकी शून्य. महाराज नुसते ओठ हलवताना दिसायचे.

मग तुम्ही पिन कापलीत, वायर सोललीत. २ नंबरची लाल तार नव्या पिनेचं टोक आणि मधलं कडं दोन्हींना, ३ नंबरची पांढरी तार वायरीवरच्या जाळीबरोबर पिनेच्या मागच्या भागाला. लाल तारेत १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घातलात, आवाज जाऊ देऊन कॅमेऱ्याचे व्होल्ट अडवणारा, कारण छोट्या कॉलर माईकसाठी कॅमेरा आपल्या पिनेतून दोन-तीन व्होल्ट बाहेर सोडतो आणि एसएम ५८ च्या कॉइलला त्याचं काही काम नाही. सोल्डरचा डाग देताना हात जरासुद्धा हलला नाही तुमचा. त्याच संध्याकाळचं कीर्तन वाशीच्या आत्याने मोबाईलवर, चष्मा शोधत शोधत, पूर्ण ऐकलं.

काल्याच्या दिवशी मिक्सरमधून थेट लॅपटॉपवर घ्यायचं ठरलं, तेव्हाही तुम्हीच धावून आलात. मिक्सरचं आउटपुट सरळ माईकच्या भोकात घालणं म्हणजे पाटाचं पाणी ठिबकच्या नळीत सोडणं, हे तुमचं वाक्य आता गावात सगळे वापरतात. तुम्ही १० किलोओहम आणि १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून जोर शंभरपट खाली आणलात. लॅपटॉपचं भोक चार भागांच्या पिनेचं, आपली पिन तीन भागांची, म्हणून मध्ये जोडणी घातलीत. तरी घुंऽऽ येतच होतं. तुम्ही चार्जर उपसलात आणि घुं गेलं! मिक्सर आणि चार्जर वेगवेगळ्या बोर्डांवर होते, दोन अर्थिंगांमधून ५० हर्ट्झ फिरत होते. चार्जर लावून चालवायचं तर आवाजाच्या वायरीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता आवाज पलीकडे नेणारा) हवा, हेही सांगितलंत. पुढच्या वर्षी सरळ यूएसबीचा छोटा इंटरफेस घ्या म्हणालात. तो घेतलाय, पण मृदंगाला कंडेन्सर माईक लावल्याशिवाय त्याचं ४८ व्होल्टचं बटण (अशा माईकला वीज देणारं) कुणाला दाबू देत नाही.

दादा, पैशांचं विचारलं तर तुम्ही फक्त रेझिस्टर-कपॅसिटरचे घेतलेत. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की प्रत्येक डाग देण्याआधी तुम्ही मला जवळ बसवून घेतलंत. शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचंही हेच रडगाणं होतं. त्यांची वायर मी घरी बसून केली. पांढऱ्या तारेचा डाग थोडा ओबडधोबड झालाय, सवडीने एकदा नजर टाका. आणि येताना वहिनींनाही घेऊन या, आईने जेवायलाच बोलावलंय.

आपला,
सप्ताहाचा कॅमेरावाला