लाइट कन्सोल शिकवायचा तर सुरुवात कमांडपासून करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लाइट कन्सोल, म्हणजे स्टेजवरचे सगळे लाइट जिथून चालवतात तो बोर्ड, आता टचस्क्रीनवर आलाय, स्क्रीनवर लाइटचं चित्र दिसतं, त्यावर बोट फिरवलं की झालं, मग नवीन पोरांना कीपॅडवर कमांड टाइप करायला कशाला शिकवायचं, असं हल्ली बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं आणि शिकवणारे लोकही तसंच बोलायला लागलेत, म्हणून हे पत्र. मी नाटकाचे लाइट ऑपरेट करतो, थोडंफार शिकवतोही, आणि माझं मत याच्या अगदी उलट आहे. टचस्क्रीन वापरा, फेडर म्हणजे वरखाली सरकवायच्या दांड्या वापरा, काहीच हरकत नाही, पण नाटकासाठी लाइट प्रोग्राम करणाऱ्याला आधी कमांड लाइन आली पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टेजवरच्या प्रत्येक लाइटला एक नंबर असतो, त्याला चॅनल म्हणतात. कन्सोलला कॅल्क्युलेटरसारखा आकड्यांचा कीपॅड असतो आणि त्याच्या बाजूला थ्रू, ॲट, फुल, रेकॉर्ड, क्यू, टाइम, ग्रुप अशी बटणं. ईऑस नावाच्या कन्सोलवर टाइप करायचं '१ थ्रू १० ॲट ५० एंटर', की एक ते दहा नंबरचे लाइट पन्नास टक्क्यांवर आले. '१ थ्रू १० - ७' म्हटलं की सात नंबर सोडून बाकीचे. मग 'रेकॉर्ड क्यू ५ टाइम ३ एंटर', म्हणजे आत्ता जे दिसतंय ते पाचवा क्यू म्हणून साठवलं आणि त्यात जायला तीन सेकंद घ्यायचे. नंतर कुणाला सात आणि आठच्या मध्ये एक क्यू हवासा वाटला तर साडेसात नंबरचा क्यू करता येतो, पुढचे नंबर बदलावे लागत नाहीत. नाटकाचं बहुतेक काम एवढ्या दहाबारा बटणांवर चालतं. ग्रँडएमए कन्सोलवर शब्द थोडे वेगळे आहेत, रेकॉर्डच्या जागी स्टोअर, आणि एंटरच्या जागी चक्क प्लीज लिहिलेलं बटण, पण विचार करायची पद्धत तीच, आधी कोण आणि मग किती.

आता यात टचस्क्रीनपेक्षा जास्त काय आहे? टेक्निकल रिहर्सलला बसा म्हणजे कळेल. डिझायनर प्रेक्षागृहात मध्यावर बसलेला असतो, ऑपरेटर कन्सोलवर, कानाला हेडसेट. डिझायनर स्टेजकडे बघत बोलतो, "बारा ते अठरा साठवर, चौदा जरा खाली, हां, अपडेट कर." ऑपरेटर हेच्या हेच टाइप करतो. मधे काही भाषांतर करावं लागत नाही, बोललेलं वाक्य आणि टाइप केलेलं वाक्य एकच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑपरेटरची नजर पण स्टेजवरच राहते. कीपॅडवर पाचच्या आकड्याच्या बटणावर एक छोटा उंचवटा असतो, बोटाला तो लागला की बाकीचे सगळे आकडे न बघता सापडतात. गुळगुळीत काचेवर बोटाला असं काही लागत नाही, प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली त्या क्षणाला नटाच्या चेहऱ्यावर नेमकं काय झालं ते ऑपरेटरला दिसलेलंच नसतं. आपण लाइट कशासाठी करतोय, तर त्या चेहऱ्यासाठी.

दुसरं म्हणजे एंटर दाबायच्या आधी वाक्य वाचता येतं. कमांड स्क्रीनच्या खाली लिहून आलेली असते, चूक दिसली तर पुसा आणि परत टाइप करा, स्टेजवर काहीही झालेलं नसतं. फेडर हलला की हललाच. अर्थात वाचायची सवय पाहिजे, कारण आकड्यांना इथे फार किंमत आहे. ईऑसवर 'ॲट ५' म्हणजे पाच टक्के नाही, पन्नास टक्के, पाच टक्के हवे असतील तर 'ॲट ०५' टाइप करावं लागतं. ग्रँडएमएवर थ्रूच्या पुढे आकडा टाकलाच नाही तर ते शेवटपर्यंत असं धरलं जातं, आणि डिलीटच्या कमांडमध्ये हे राहून गेलं तर काय होईल ते सांगायला नको. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून कमांड मोठ्यानं वाचून मग एंटर दाबायला लावा, ही माझी शिकवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

पण खरा मुद्दा ट्रॅकिंगचा आहे आणि इथेच बोट फिरवून शिकलेली पोरं अडकतात. ईऑसवर तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर क्यूमध्ये सगळ्या लाइटचं चित्र साठवलं जात नाही, फक्त काय बदललं तेवढंच साठवलं जातं. ज्याला काही सांगितलं नाही तो लाइट आहे तसाच पुढच्या क्यूमध्ये चालत राहतो. समजा रात्रीच्या प्रवेशात क्यू १२ ला मागचे निळे लाइट, ३१ थ्रू ३६, तीस टक्क्यांवर आणले. प्रवेश संपला, क्यू २० ला सकाळ झाली, समोरचा उजेड वर आला, पण निळ्यांना शून्य कुणी सांगितलंच नाही. उजेड भरपूर असल्यामुळे ते निळं कुणाला दिसतही नाही. मग क्यू ३४ ला सगळं खाली जातं, एकटा नट स्पॉटमध्ये उभा, आणि त्याच्या मागे निळी झाक, आता ही कुठून आली म्हणून सगळे वर बघतात. नवीन ऑपरेटर काय करतो, क्यू ३४ मध्येच सहा लाइट खाली ओढतो आणि सेव्ह करतो. तेवढ्यापुरतं बरं दिसतं, पण २० ते ३३ मध्ये निळं तसंच राहिलेलं असतं, आणि उद्या दिग्दर्शकानं मधल्या एखाद्या प्रवेशाचा उजेड कमी करायला सांगितला की ते परत वर येणार.

ज्याला ही भाषा येते तो आधी स्क्रीनवरच्या टक्क्यांच्या आकड्यांचे रंग बघतो. ईऑसवर त्या क्यूमध्ये वर गेलेला आकडा निळा दिसतो, खाली आलेला हिरवा, आणि मागून नुसता चालत आलेला किरमिजी. ३१ ते ३६ किरमिजी दिसले की समजायचं, दोष या क्यूचा नाही, मागे कुठेतरी आहे. मग 'गो टू क्यू २०', '३१ थ्रू ३६ ॲट ०', 'अपडेट', आणि तो शून्य आपोआप पुढे ३४ पर्यंत आणि त्याच्याही पुढे चालत जातो. एका जागी दुरुस्ती, सगळीकडे फरक. उलट कधी बदल फक्त एकाच क्यूपुरता हवा असतो, तेव्हा 'क्यू ओन्ली' सांगायचं, म्हणजे पुढचा क्यू जसा होता तसा राहतो. आणि अंक संपतो तिथे ब्लॉक लावून ठेवायचा, म्हणजे पहिल्या अंकातले बदल दुसऱ्या अंकात शिरत नाहीत. हे सगळं स्क्रीनवरच्या चित्रांनी पण करता येतं, मी नाही म्हणत नाही, पण ते डोक्यात बसतं ते कमांड टाइप करताना, कारण तिथे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की मी हा बदल कुठपर्यंत सांगतोय.

ही पद्धत जुनी झाली असं म्हणणाऱ्यांनी थोडा मागचा काळ बघावा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कितीतरी वर्षं डिमरचे, म्हणजे लाइट कमीजास्त करायच्या यंत्राचे, दांडे माणसं हातानं ओढत होती, एका प्रयोगाला अनेक ऑपरेटर लागायचे. १९७५ मध्ये थॅरन मसर या प्रकाशयोजनाकार बाईंनी तिथे पहिल्यांदा मेमरी असलेला कॉम्प्युटर बोर्ड आणला, एलएस ८ नावाचा. पुढे १९८६ मध्ये यूएसआयटीटी या अमेरिकन संस्थेनं कन्सोलवरून लाइटना सिग्नल पाठवायचं डीएमएक्स ५१२ हे स्टँडर्ड ठरवलं, एका केबलवर ५१२ पत्ते आणि प्रत्येकाला ० ते २५५ मधली एक किंमत, आजही बहुतेक स्टेज त्यावरच चालतं. साध्या डिमरला एक पत्ता पुरतो, पण आजचा एक मूव्हिंग लाइट, म्हणजे कन्सोलवरून फिरवता येणारा लाइट, सहज तीसबत्तीस पत्ते खातो, म्हणजे सोळा लाइटमध्ये एक पूर्ण केबल भरली. लाइट असे वाढत जातात तसं एकेकाला बोटानं पकडून हलवणं अवघड होत जातं, पण 'ग्रुप ३ ॲट ६०' ही कमांड सहा लाइटना पण तेवढीच लांब आणि साठ लाइटना पण तेवढीच. ग्रँडएमएवर दहा लाइटना 'ॲट १० थ्रू १००' सांगितलं तर दहा, वीस, तीस असे पायरीनं चढत जातात, एका ओळीत. शिवाय कमांड म्हणजे शेवटी मजकूरच, तो मॅक्रो म्हणून, म्हणजे एका बटणावर परत चालवता येईल असा, साठवता येतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कनं पाठवता येतो, वहीत लिहून आजारी पडलेल्या ऑपरेटरच्या जागी आलेल्या माणसाच्या हातात देता येतो.

सगळीकडे कमांडच वापरा असा माझा हट्ट नाही. मूव्हिंग लाइट नटाच्या खांद्यावर नेमका बसवायचा तर एन्कोडरचं चाक फिरवण्याला पर्याय नाही, रंग निवडायला स्क्रीनवरचा पिकर उत्तम, आणि गाण्याच्या लाइव्ह कार्यक्रमात पुढे काय होणार हेच माहीत नसतं तिथे फेडरवर हात ठेवूनच बसावं लागतं. नाटकाचं मात्र तसं नाही. तेच वाक्य, तोच उजेड, रोज तसाच यायला हवा.

म्हणून जिथे जिथे लाइट शिकवले जातात त्या सगळ्यांना सांगणं आहे की स्क्रीनवरचं मॅजिक शीट, म्हणजे ते लाइटचं चित्र, उघडायच्या आधी पोरांकडून थोडे दिवस फक्त कीपॅडवर काम करून घ्या. कन्सोल नाही ही सबब आता चालत नाही, ईऑसचं आणि ग्रँडएमएचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट उतरवता येतं, खऱ्या लाइटना सिग्नल पाठवायला वेगळं हार्डवेअर लागतं पण क्यू लिहायला, ट्रॅकिंग समजून घ्यायला, रंग ओळखायला काहीच लागत नाही. लॅपटॉपला आकड्यांचा पॅड नसेल तर यूएसबीचा वेगळा जोडा, वरच्या ओळीतल्या आकड्यांवर सराव करू नका, हाताला नको ती सवय लागते. आणि आपल्या पेपरात नाटकावर इतकं छान लिहून येतं, तर एखाद्या रविवारी कुणालातरी टेक्निकल रिहर्सलला कन्सोलशेजारी बसवून तिथे काय काय टाइप होतं त्यावर लिहून घ्या, मी स्वतः लागेल ती माहिती द्यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक लाइट ऑपरेटर