सालाचं रोप पिवळं का पडतं

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

बस्तरच्या रोपवाटिकेत साल वृक्षाची रोपं दोन-चार पानांवर अडतात आणि पिवळी पडतात, असं लिहिलंस. लगेच खत वाढवू नकोस. एका रोपाची पिशवी कापून मुळं बादलीत बुडव आणि माती सुटू दे. उपटून झटकलंस तर बारीक टोकं मातीतच राहतात, आणि बघायचं असतं ते नेमकं तेच. दहापट भिंगाखाली बघ. सालाच्या मुळांना एक उपकारक बुरशी सोबतीला लागते; ती बसलेली टोकं आखूड, जाडसर, पांढरट किंवा तपकिरी असतात. त्यांवर मूलरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, नसतात. सगळी टोकं नुसती सडपातळ असतील तर बुरशी पोचलेलीच नाही.

ही बुरशी टोकावर तंतूंचं वेष्टन चढवते आणि मुळाच्या बाहेरच्या पेशींमधल्या फटींत जाळं विणते. पेशीत शिरत नाही. तिचे तंतू मूळ पोचत नाही तिथून फॉस्फरस, नत्र, पाणी आणतात. मोबदल्यात झाड साखर देतं. फॉस्फरस आयता मिळाला की झाड हा खर्च आखडतं, म्हणून डीएपीसारखं फॉस्फरसचं खत नको. मुळाशी बुरशीनाशक ओतणं तर मुळीच नको.

रोपांना ही बुरशी मिळावी म्हणून पिशवीत मिसळायची माती जुन्या, निरोगी सालाखालचीच घे. सागाखालची चालत नाही. सागाची बुरशी वेगळी, ती पेशीत शिरते आणि तिला छत्र्या येत नाहीत. पाला बाजूला सारून वरची 10 सेंमी माती बारीक मुळांसकट उचल, पाला परत पसर. ओल्या पोत्याखाली सावलीत ठेव, शक्यतो त्याच दिवशी वापर. पिशवीच्या मिश्रणात दहा भागांना एक भाग पुरे. सालाचं बी जेमतेम आठवडाभर उगवणक्षम राहतं, त्यामुळे बी गळण्याआधीच पिशव्या भरून ठेव. पाणी साचू देऊ नकोस; हवेवाचून ही बुरशी गुदमरते.

बाजारात पहिल्या पावसानंतर येणारा बोडा हे अशाच बुरशीचं फळ. ढिंगरीसारखा पेंढ्यावर तो होत नाही, त्याला जिवंत मूळ लागतं. (आपल्या कोकणातली वारुळावरची अळंबी मुळांची नव्हे, वाळवीची सोबतीण.) बोडा आतून शुभ्र हवा. काळपट किंवा भुकटी झालेला टाकून दे, आणि ओळखणाऱ्या गावकऱ्याला दाखवल्याशिवाय खाऊ नकोस.

मुळांचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेव.

तुझी,
आई