शुक्रवारच्या आंघोळीबद्दल आभार

प्लंबर काका,

नमस्कार. त्या दिवशी तुम्ही चहा न घेताच पुढच्या कामाला पळालात आणि आभार मानायचे राहिले. म्हणून आता चारचौघांत मानते.

आमच्या शॉवरचं दुखणं जुनं. कधी बरी धार, कधी नुसती ठिबक, आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरात नळ सोडला की अंगावर चटका. फ्लॅट सगळ्यात वरचा, टाकी डोक्यावर, तरी ही रड. तुमच्याआधी आलेले दोघे 'प्रेशर पंप बसवा' म्हणून मोकळे झाले होते. एकाने तर १२ हजारांचा आकडाही सांगून टाकला.

तुम्ही पिशवीही उघडली नाहीत. विचारलंत, "ताई, कुठल्या वारी जास्त होतं?" मला हसू आलं. मग आठवलं की शुक्रवारी! आपल्या पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की आमची टाकी तळाला जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती भरली तरी शॉवर रुसलेलाच. "म्हणजे लाइन हवा धरते," तुम्ही म्हणालात आणि सरळ गच्चीवर गेलात.

मागच्या वर्षी गच्चीला नवा कोबा केला, तेव्हा कामगारांनी आमची पाइप विटांवर उचलून ठेवली होती. टाकीतून निघालेली पाइप मधेच उंटाच्या पाठीसारखी वर चढून खाली उतरत होती. टाकी रिकामी झाली की त्या उंचवट्यात हवा शिरायची आणि अडकून बसायची. वरचं पाणी जेमतेम दोन-तीन मीटर उंचीचं, त्या हवेला ढकलणार कसं? "दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर, तुमच्याकडे पाव किलो," हा तुमचा हिशोब आता आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जातो. विटा काढून जमेल तेवढी पाइप उतारावर घेतलीत, आणि जिथे जमलं नाही तिथे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून टाकीपेक्षा उंच अशी हवेची नळी उभी केलीत. तिचं तोंड खाली वळवून जाळी बांधायलाही विसरला नाहीत.

चटक्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. न्हाणीघरातल्या गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या नळाखाली २० लिटरची बादली ठेवून तुम्ही आधी फक्त गार सोडलंत, मग फक्त गरम. गार पावणेदोन मिनिटांत भरली, गरमला चार मिनिटं होऊन गेली. गीझरचं बटण बंद करून तुम्ही त्याच्या मागचा कॉक खोललात, तर आत क्षाराचे पांढरे खडे. उन्हाळाभर टँकरचं पाणी घेतलं, त्याची ही कमाई. खडे काढल्यावर गरमची बादली अडीच मिनिटांवर आली. मग गारचा अँगल कॉक किंचित आवळून दोन्ही बादल्या जवळजवळ सारख्या केल्यात. गार कमी करून शॉवर सुधारतो हे मला अजून थोडं उलटंच वाटतं, पण चटका गेला हे खरं. सासूबाईंनी नळ सोडला तर अजूनही पाणी जरा कोमट-गरम होतं. "एकाच लाइनवर एवढं चालायचंच," हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, लपवलं नाहीत.

पंप विकून तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते. तुम्ही मजुरी आणि पाइपच्या तुकड्यांचे पैसे घेतलेत, बस्स.

एक काम मात्र अर्धं राहिलंय. मुलाने दिवाळीत हौसेने लावलेला आठ इंची रेन शॉवर काढून तुम्ही जुना छोटा परत बसवलात. "पाव किलोत एवढी भोकं कशी भिजणार?" असं त्याच्या तोंडावर म्हणालात. तो शॉवर आता माळ्यावर आहे, आणि चिरंजीव रोज एकदा तरी तो खाली काढायची भाषा करतात. चहाला या आणि त्याला पुन्हा एकदा समजवा. माझं ऐकत नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची ताई