निनाद मांडवगणे यांचे हेलिकॉप्टर कोणी पाडले?

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून गेलो होतो. वायुसेनेतून निवृत्त झालेल्या माणसाची आठवण साधारण झेंडावंदनाच्या आसपास निघते. शाल मिळते, नारळ मिळतो, तक्रार नाही. विषय होता 'नाशिकचे वीर'. नववीतली एक मुलगी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यावर बोलली. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. शेवटी हात उंचावून म्हणाली, "शत्रूच्या एफ-१६ विमानाशी झुंजताना त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र गुणपत्रिकेवर पेन धरून तसाच बसलो.

एमआय-१७ हेलिकॉप्टर एफ-१६शी झुंजत नाही हो. मी याच हेलिकॉप्टरवर सोळा वर्षे एअरफ्रेम फिटर, म्हणजे त्याच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. दोन इंजिने, वर पाच पात्यांचा एकवीस मीटरचा पंखा, आणि तेरा टनांपर्यंत वजन घेऊन उडायची ताकद. चौकीवर शिधा पोचवा, जखमी जवानाला खाली आणा, पुरात छपरावर बसलेल्यांना उचला, हे त्याचे रोजचे काम. आम्ही त्याला बैल म्हणायचो. बैलाला शिंगे असतात, पण तो काही वाघाच्या शिकारीला जात नाही.

२७ फेब्रुवारी २०१९ची सकाळ. आदल्या दिवशी पहाटे पाकिस्तानात बालाकोटवर आपला हवाई हल्ला झाला होता. पाकिस्तानची विमाने सीमेकडे आली, आपली त्यांना भिडली. त्याच वेळी श्रीनगरच्या तळावरून १५४ हेलिकॉप्टर युनिटचे एक एमआय-१७ व्ही-५ दहाच्या सुमारास उडाले. दहाएक मिनिटांत बडगाम जिल्ह्यात कोसळले. आतले सहाही जण गेले आणि खाली त्या गावातला एक तरुणही गेला. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले होते. हे मी म्हणत नाही. तेव्हाचे वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल आर. के. एस. भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ला पत्रकारांसमोर सांगितले, ही आमची मोठी चूक होती. पुढे कोर्ट मार्शलही झाले. सगळे जाहीर आहे.

विमानात एक यंत्र असते, आयएफएफ. जमिनीवरचे रडार सांकेतिक भाषेत विचारते, 'कोण रे तू?' विमानातले यंत्र आपोआप उत्तर देते, 'आपलाच.' उत्तर आले नाही की खालच्या माणसाला पडद्यावर दिसतो तो फक्त एक ठिपका, कमी उंचीवरून, कमी वेगाने तळाकडे येणारा. त्या दिवशी ते यंत्र बंद होते आणि इकडून तिकडे निरोपही नीट पोचले नाहीत, असे चौकशीच्या बातम्यांत आले.

गुण भरताना मी शेजारच्या परीक्षकांना हे सांगितले. भला माणूस, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "जाऊ द्या हो. पोरीचा उत्साह कशाला मोडायचा? आणि आपल्याच माणसांनी पाडले म्हटले की कसेतरीच वाटते." हे पत्र त्या 'कसेतरीच'साठी लिहितो आहे.

माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी सकाळच्या उड्डाणाआधी अवजारपेटी मोजली तर दहा नंबरचा पाना कमी. पाना हेलिकॉप्टरच्या पोटात राहिला आणि कंट्रोलच्या सळईत अडकला तर काय होते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेले. गप्प बसलो असतो तर कोणाला कळले नसते. फॉर्म ७००, म्हणजे हेलिकॉप्टरच्या देखभालीची नोंद, भरून झाला होता, माझी सही झाली होती, त्याखाली पायलटची सही व्हायची बाकी. घाम फुटला, पण सांगितले. उड्डाण थांबले. तीन तास झाकणे उघडून शोधले. पाना निघाला टो-ट्रॅक्टरच्या सीटखाली. मला व्हायची ती शिक्षा झाली. संध्याकाळी तोच तरुण पायलट कँटीनमध्ये भेटला. चहा सांगितला आणि म्हणाला, "तू बोललास म्हणून मी तुझ्या सहीखाली सही करतो."

पायलटचे सगळे आयुष्य असे दुसऱ्यांच्या सह्यांवर चाललेले असते. फिटरची सही, रडारवाल्याचा शब्द, कंट्रोल टॉवरचा आवाज. लढाऊ विमानात निदान सीटला ओढायचे हँडल असते. त्याच सकाळी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांनी मिग-२१ मधून उडी घेतली ती त्याच हँडलच्या जोरावर. एमआय-१७च्या पायलटला तसे काही नसते. हे माहीत असूनही निनादसारखी मुले रोज त्या सीटवर बसतात. मला विचाराल तर शौर्य ते. त्यासाठी खोट्या एफ-१६ची गरज नाही.

१ मार्चला गोदाकाठी निनाद यांना निरोप दिला, त्या गर्दीत मी होतो. भोसला मिलिटरी स्कूलचा हा विद्यार्थी, वय अवघे तेहतीस, मुलगी दोन वर्षांची. बंदुकांची सलामी झाली तेव्हा माझ्या शेजारचा एक जण मोबाइलवर वाघा सीमेवरचे थेट प्रक्षेपण बघत होता, कारण त्याच दिवशी अभिनंदन परत यायचे होते. त्याला दोष देत नाही, सगळा देशच तिकडे बघत होता. पण त्या दिवसांत वीरपत्नीने जे सांगितले ते नाशिककरांनी तरी विसरू नये. समाजमाध्यमांवर घरबसल्या युद्ध मागणाऱ्यांना त्या म्हणाल्या होत्या की हे थांबवा, एवढाच जोश असेल तर सैन्यात भरती व्हा. युद्धाने काय होते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बक्षीस समारंभानंतर त्या मुलीला बाजूला बोलावले. तिचा दुसरा नंबर आला होता. भाषण कुठून घेतलेस विचारले, तर मामांच्या मोबाइलवर आले होते म्हणाली. मी खरे काय ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारले, "आजोबा, पुढच्या फेरीत असे बोलले तर नंबर जाईल का?" मी म्हटले, जाऊ शकतो.

संपादक महोदय, आपल्याकडेही दर २७ फेब्रुवारीला निनाद यांचा फोटो आणि 'हेलिकॉप्टर अपघातात वीरमरण' अशी ओळ येते. यंदा 'अपघात' हा शब्द काढावा. आणि जागा असेल तर सहाही नावे छापावीत: सिद्धार्थ वशिष्ठ, निनाद मांडवगणे, विक्रांत सेहरावत, विशाल कुमार पांडे, दीपक पांडे, पंकज कुमार. पहिले दोघे पायलट. उरलेले चौघे माझ्यासारखे एअरमन होते. त्यांचे फोटो नाशिकच्या पेपरात मी अजून पाहिलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त ज्युनियर वॉरंट ऑफिसर, नाशिक रोड
(नाव छापू नये, ही विनंती.)