आठ दिवसांच्या मुक्कामाला वेगळे निकष हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न उरकले की प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थांत एकच विचारणा सुरू होते: ‘आठ दिवस ठेवून घ्याल का?’ कुणाच्या घरी कार्य असते, कुणाच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कुणाच्या वडिलांची अँजिओप्लास्टी. मुलगा किंवा मुलगी तिशी-चाळिशीतली, पालक सत्तरीकडे झुकलेले. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. पुण्यात कामायनी, नाशिकमध्ये प्रबोधिनी अशा संस्थांनी शाळेपुढे कार्यशाळेची, म्हणजे दिवसा येऊन झेपेल ते काम करण्याच्या जागेची वाट घालून दिली, पण कार्यशाळा संध्याकाळी बंद होते. रात्र, रविवार आणि आजारपण घरच्यांच्याच वाट्याला येते.

असा अल्पकालीन निवास मिळत नाही ही तक्रार नेहमीची आहे आणि ती खरीच आहे. मिळतो तो कसा असतो, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. जागा मिळाली यातच पालकांना हायसे वाटते, प्रश्न विचारायचे राहून जातात.

मूळ अडचण अशी की या मुक्कामाकडे कायमच्या निवासाची छोटी आवृत्ती म्हणून पाहिले जाते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता अशा व्यक्तींसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत अल्पकालीन निवासाची कल्पना होती. पुढे ती प्रौढांच्या कायमस्वरूपी निवासाच्या ‘घरौंदा’ योजनेशी जोडली गेली. कागदावर ते सोयीचे असेल, पण कायमच्या रहिवाशाला ओळखायला मावशींना सहा महिने मिळतात आणि आठ दिवसांसाठी आलेला माणूस आठही दिवस नवाच असतो. त्याच्याबद्दलची माहिती त्याच्यासोबत, लेखी आणि नेमकी यायला हवी.

प्रवेश अर्जात हल्ली काय असते? आधार कार्ड, यूडीआयडी (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) कार्ड, बुद्ध्यांकाचा दाखला, दोन फोटो. बुद्ध्यांक ४२ आहे हे कळल्याने रात्रपाळीच्या माणसाला काहीही उपयोग नाही. त्याला हवे असते ते असे: ‘पोटात दुखले की उजवा कान ओढतो. पाणी मागत नाही, तांब्याजवळ जाऊन उभा राहतो. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, तेव्हा हात धरू नये, बाहेर न्यावे. भात मऊ, आमटीत कालवून, लहान चमच्याने, पोळी कुस्करूनच.’ दोन पाने पुरतात. ती आईने सांगायची, संस्थेतल्या माणसाने लिहायची आणि पहिल्या दिवशी ड्युटीवर असणाऱ्या प्रत्येकाने वाचून सही करायची.

औषधांत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. या गटात फिट येण्याचे प्रमाण बरेच असते आणि फिटच्या गोळ्या अचानक चुकल्या तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते. तरीही घरून गोळ्या पुडीत किंवा जुन्या डबीत येतात. त्या मूळ स्ट्रिपमध्येच याव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, आणि आठ दिवसांसाठी अकरा दिवसांचा साठा असावा, कारण परतीची तारीख पुढे जाते. ब्रँड बदलू नये. सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून मधातून देतात, तेव्हा बारा तासांत पोटात उतरायचे औषध एकदम उतरते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून आधीच सिरप लिहून घ्यावे. फेनिटॉइन या फिटच्याच औषधाचे सिरप असेल तर बाटली दर वेळी नीट हलवावी लागते, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि बाटली संपताना कडक. दुसरी नेहमीची चूक पाळी बदलताना होते. दिवसाची मावशी आठला जाते, रात्रीचा माणूस नऊला येतो आणि साडेआठची गोळी कुणाचीच नसते. किंवा दोघेही देतात. उपाय साधा आहे: एक वही, गोळी दिल्याबरोबर वेळ आणि सही, आणि चार्ज देताना वही समोर ठेवून बोलणे.

फिट आलीच तर तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचे आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांच्या वर गेली की १०८. फिट थांबवणारा मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे दिलेला असेल तर तो किती आणि कधी मारायचा, हे त्या व्यक्तीच्या नावाने डॉक्टरांनी लिहिलेले हवे. स्प्रे ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली व्यवस्थापकांच्या घरी, अशी व्यवस्था म्हणजे स्प्रे नसल्यासारखेच.

बद्धकोष्ठाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहायलाच हवे. जागा बदलली, संडास परका, पाणी कमी, जोडीला काही मानसोपचाराच्या गोळ्या. पोट तुंबते आणि बोलता न येणारा माणूस ते वागण्यातून सांगतो: जेवण ढकलतो, स्वतःला मारून घेतो, रात्री ओरडतो. मग ‘त्रास देतोय’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते, त्याने पोट आणखी मंदावू शकते. शौचाची रोज नोंद हवी. तीन दिवस झाले नाही तर डॉक्टरांना फोन. इसबगोल देऊन वर पुरेसे पाणी दिले नाही तर उलट अडकते. आणि शांत करण्याची कोणतीही गोळी पालकांना कळवल्याशिवाय, डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय देऊ नये. ते उपचार नव्हेत, बांधून ठेवणेच आहे.

येताना आणि जाताना वजन घ्यावे. अंगावरचे व्रण, ओरखडे पालकांसमोर आकृतीवर खुणा करून नोंदवावेत, जातानाही तसेच. यात संस्थेचेही रक्षण आहे. महिलांच्या अंघोळीला, कपडे बदलायला आणि पाळीच्या दिवसांत महिला कर्मचारीच हवी. रात्री ती जागी हवी, दाराबाहेर झोपलेली नव्हे. बारा जणांमागे रात्री दोन जागी माणसे, हे आमच्या मते किमान आहे.

कुठल्याही अडचणीविना झालेल्या मुक्कामाआधी बहुतेक वेळा एक तयारी असते. आधी आईबरोबर चहापुरती भेट, मग कार्यशाळेसारखा एक दिवस, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. घरची चादर, रोजचा रेडिओ, ओळखीचा साबण सोबत. हे सवडीच्या महिन्यात करायचे असते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सरळ दहा दिवसांसाठी सोडले तर उत्तम संस्थाही तोंडघशी पडते. ‘फोन करू नका, तो रडेल’ हा सल्लाही सरसकट देऊ नये. काहींना रोज सातला पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल मिळाला की झोप लागते, काहींची लागलेली घडी त्यानेच मोडते. कुणाचे काय, ते पहिल्या एका रात्रीत कळते.

पालकांनीही एक गोष्ट करून ठेवावी. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे पत्र मिळते. मुक्कामात दवाखान्यात न्यावे लागले आणि संमतीचा प्रश्न आला, तर त्याची प्रत फाइलमध्ये असलेली बरी.

संस्थांना दोष देणे सोपे आहे, पण खाटेचा हिशेब बघा. शुल्क काय, अनुदान काय, डोकी मोजून येते. अल्पकालीन खाट लग्नसराईत भरते आणि जून-जुलैत रिकामी राहते. रिकामी खाट परवडत नाही, म्हणून ती कायमच्या रहिवाशाला जाते किंवा ‘किमान तीन महिने’ अशी अट येते. इथे डोक्यामागे नव्हे, राखून ठेवलेल्या खाटेमागे वर्षाचे पैसे द्यायला हवेत. राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा एक लाखापर्यंतच्या उपचारांसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. त्यातून या मुक्कामाचा खर्च भागवू द्यावा.

याच कायद्याच्या कलम ५० नुसार संस्थेला नोंदणी लागते. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने त्या नोंदणीत अल्पकालीन निवासाचा वेगळा रकाना करावा: किती खाटा राखीव, दोन पानी माहितीपत्रक भरले जाते का, औषधांची वही, रात्रपाळीचे हजेरीपत्रक. आणि तपासणी सकाळी अकराला, रांगोळी काढून झाल्यावर नको. न कळवता, रात्री साडेआठला यावे आणि वही उघडायला सांगावी.

आपले,
प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे काही पालक व विशेष शिक्षक, पुणे