न झालेल्या युद्धाचा हिशेब

मॅडम,

नाव लिहिलं असतं तर तुम्ही आधी तेच खोडलं असतं, म्हणून नुसतं 'मॅडम'.

संघर्ष प्रतिबंधावर पीएचडी करतेय म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे भांडणं सोडवता?" मलाही धड सांगता यायचं नाही. पेटलेलं युद्ध दिसतं, टळलेलं कसं दाखवायचं? त्यासाठीच तुम्ही मला मॅसेडोनिया (युगोस्लाव्हियातून फुटलेला देश, आताचा उत्तर मॅसेडोनिया) वाचायला लावलात. युद्ध पेटण्याआधीच संयुक्त राष्ट्रांनी शांतिसैनिक पाठवायचे, हे पहिल्यांदा तिथे झालं. निर्णय डिसेंबर 1992 चा. जानेवारी 1999 मध्ये त्या देशाने तैवानला मान्यता दिली आणि तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेत या सैनिकांच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला. सैनिक परतले. 2001 मध्ये तिथे बंदुका चालल्या.

मी लिहून टाकलं, 'सैनिक गेले म्हणून संघर्ष पेटला.' काय खूश होते मी त्या वाक्यावर! तुम्ही समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेत: 'आणि कोसोव्हो?' मधल्या काळात शेजारच्या कोसोव्होत युद्ध होऊन गेलं होतं, 3 लाखांहून जास्त निर्वासित मॅसेडोनियात आले होते. सैनिक राहिले असते तरी काय झालं असतं, हे इतक्या सहज सांगता येणार नव्हतं. ते प्रकरण नव्याने लिहायला 7 महिने लागले. तुमचा भयंकर राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

वह्यांचं मात्र कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या क्षेत्रभेटीहून मी 2 वह्या भरून मुलाखती आणल्या, माणसांच्या नावांसकट. तुम्ही त्या उघडल्याही नाहीत. "वाटेत कुणाच्या हाती लागल्या असत्या तर?" एवढंच विचारलंत. मग मी एकेका नावाला क्रमांक देत होते आणि तुम्ही समोर बसून होतात, रात्री उशिरापर्यंत, काही न बोलता.

पुढे कराराच्या नोकऱ्या. निधी संपला की प्रकल्प संपतो, मग शांतता अर्धवट असली तरी. (निधी देणाऱ्यांना 3 वर्षांत 'परिणाम' हवा असतो, भांडणाऱ्यांना तसं कुणी कळवत नाही.) तिसरा करार संपला तेव्हा मी हे क्षेत्रच सोडणार होते. तुम्ही समजूत घातली नाहीत, शिफारसपत्र पाठवलंत. त्यात माझ्या हुशारीबद्दल अक्षरही नव्हतं. 'चूक दाखवली तर रागावते, पण दुरुस्त करते', असं होतं.

नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी तेच वाक्य मला वाचून दाखवलं आणि हसले. नोकरी मिळाली, मॅडम.

तुमची विद्यार्थिनी