ताईस, तुझा हंगाम संपायच्या आत

निपाणी भाग,
गणपती जाऊन नववा दिवस

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, परवा मी फोनवर जे बोललो ते फोनवर मागं घेता येईना. आपला फोन स्पीकरवर असतो. तुला सवड मिळते ती आमच्या सकाळी सहाला. तिकडं कॅनडात केनोराला तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि त्यातला निम्मा वेळ आई ‘काय जेवलीस’ विचारण्यात घालवते. म्हणून वहीची पानं फाडून लिहितोय. शेजारचा पोरगा फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर विचार, पण मला विचार, आईला नको.

झालं होतं असं. फोनच्या आदल्या दिवशी दुपारी कोल्हापूरकडची माणसं आली होती. मुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही, चांगला वाटला. त्याच्या मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “पायलट म्हणता, मग सहा महिने घरी कशी?” मी सांगितलं, तिकडं तळी गोठतात, हिचं विमान पाण्यावर उतरतं, त्यामुळं मेपासून ऑक्टोबरपर्यंतच काम. मामा हसले. “म्हणजे हंगामी. ऊसतोडीला माणसं येतात तशी.” मी गप्प बसलो. उत्तर त्याच वेळी सुचायला हवं होतं, सुचलं नाही, आणि राग निघाला तुझ्यावर. कायमचं काहीतरी बघ, मोठ्या कंपनीत अर्ज टाक, बेळगावच्या सांबऱ्याला विमानतळावर उतरणारं विमान चालव म्हणजे लोकांना कळेल तरी, असं मी बोललो. तू ‘बघते आप्पा’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. या घरात कायमचं काम केलंय कुणी गं? आई लग्नाआधीपासून तंबाखूच्या वखारीत जायची, हंगाम असेपर्यंत. माझी पस्तीस वर्षं गुऱ्हाळावर गेली. दिवाळी झाली की रसाची ती मोठी कढई, काहील, चुलवाणावर चढायची, एप्रिलच्या उन्हात उतरायची. बाकीच्या दिवसांत आपली भांगलण, आपली संपली की लोकांची. तुझी फी गेली ती याच हंगामांतनं, आणि विहिरीकडच्या पाऊण एकरातनं. कर्जाच्या वेळी बँकेतला साहेब कानडीत म्हणाला होता, हंगामी माणसाचा हप्ता पण हंगामीच येणार. त्याही दिवशी मी गप्पच होतो. कागद कानडीत, मी मराठी शाळेचा एसएसएलसी, म्हणजे दहावी, नापास. काय लिहिलंय ते तूच बोट ठेवून वाचून दाखवलंस, आठवतं?

मला वाटलेलं, लायसन मिळालं की झालं. 200 तास उडवून व्यावसायिक लायसन, त्यावर पाण्यावरच्या विमानाचं वेगळं रेटिंग, त्याला निदान 7 तास. मी गावात पेढे वाटले. आणि तू पहिला उन्हाळाभर धक्क्यावर दोऱ्या बांधत होतीस, इंधन भरत होतीस, मासे धरायला आलेल्या पाहुण्यांच्या पेट्या उचलत होतीस. दुसरा उन्हाळाही तसाच गेला. आईला मी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं. एवढे पैसे घालून पोरगी हमाली करते, असं मनात यायचं. आता माझं मलाच हसू येतं, कारण मी स्वतः चार हंगाम जळव्या होतो. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारायचं, भुवया करपायच्या, आणि काहिलीला हात लावायची मुभा नाही. म्हातारा गुळव्या म्हणायचा, ज्याला जाळ कळत नाही त्यानं झारा धरू नये. तूही एकदा असंच काहीतरी म्हणाली होतीस. धक्क्यावर उभं राहून बघितल्याशिवाय वारा कळत नाही. या विमानाला पाण्यात ब्रेक नाही, इंजिन सुरू झालं की ते चालायलाच लागतं, आणि मोकळं सोडलं की नाक वाऱ्याकडं वळवतं. धक्का जवळ आला की इंजिन नेमकं कधी बंद करायचं ते हिशेबानं ठरवायचं, मग दार उघडून फ्लोटवर, म्हणजे विमानाखालच्या त्या पोकळ नावेवर, उतरायचं आणि दोरी हातात घेऊन उडी. पायलट तूच आणि खलाशी पण तूच. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांना कमीच वाटलं असतं म्हणा.

तुझ्या बीव्हर विमानाचा फोटो मी तालमीत दाखवला. पहिलं बीव्हर 16 ऑगस्ट 1947 ला उडालं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, हे सांगितल्यावर म्हातारी मंडळी गारच झाली. 1967 नंतर ते बनलंच नाही, तरी अजून धंद्यावर आहे. 450 घोड्यांचं, गोल मांडलेल्या नऊ सिलिंडरचं इंजिन. आणि तेल भरायचं तोंड आत, पायलटच्या जवळ, उडता उडता सुद्धा तेल घालता येतं, हे तर कुणाला पटलंच नाही. एकानं विचारलं, आपल्याकडं गुजरातेत असलं विमान आलेलं की, पोरगी तिकडं का नाही? 31 ऑक्टोबर 2020 ला साबरमतीवरनं केवडियाला सुरू झालेलं ते, विमान मालदीवचं आणलेलं. पुढं ती सेवा बंद पडली. तेव्हा तिकडंही कायमचं काही नव्हतं, असं मी म्हणालो. बघ, तालमीत मला उत्तर सुचतं.

मला सगळ्यात आवडतं ते तुझं पंपाचं काम. रोज सकाळी फ्लोटच्या एकेका कप्प्यातलं पाणी हातपंपानं ओढायचं आणि किती दांडे मारले ते मोजायचं. काल दहा आणि आज चाळीस आले तर कुठंतरी रिव्हिट ढिली झाली किंवा दगड लागला. फ्लोट मुळात विमानाच्या वजनापेक्षा 80 टक्के जास्त पेलतील असे बनवतात, एखादा कप्पा भरला तरी बुडणार नाहीत, हे तू आईला समजावलंस, पण आई तेवढ्यावर थांबली नाही. तिनं कालनिर्णयावर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी तुझे दांडे. मला हे काम कळतं, कारण काहीलही पत्र्याला पत्रा रिव्हिटांनी जोडलेली असते. हंगामाच्या आधी तिच्यात पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खालनं हात फिरवायचा. हाताला ओल लागली की त्या वर्षीचा मुहूर्त पुढं.

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. सपाट, काचेसारखं पाणी उतरायला सगळ्यात वाईट, असं तू म्हणालीस. आम्ही म्हणणार, लाट नाही म्हणजे बरंच की. गेल्या आठवड्यात संकेश्वरला पाहुण्याकडं मुक्काम पडला, तर पहाटे त्याच्या गाडीवर बसून हिडकलच्या पाण्याकडं गेलो. धरण भरलंय. वारा बिलकुल नव्हता. उंच काठावर उभा राहून खाली बघितलं तर पाण्यात आभाळ, पलीकडची टेकडी उलटी, आणि पाणी नेमकं कुठं आहे तेच समजेना. दहा फूट खाली की तीस? खडा टाकला, वलय उठलं, तेव्हा कळलं. वलय विरलं आणि परत काही कळेना. तिथं बराच वेळ उभा होतो. तू तर वरनं ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरनं येतेस आणि खडा टाकायला कुणी नसतं. काठाच्या झाडांजवळनं यायचं, नाक जरा वर धरायचं, इंजिन थोडं चालू ठेवून मिनिटाला दीडशे फुटांच्या बेतानं उतरत राहायचं, आणि फ्लोट टेकेपर्यंत हात हलवायचा नाही. पाणी दिसल्यासारखं वाटलं तरी हलवायचा नाही. ही शेवटची गोष्ट तू सांगितलीस तेव्हा मी ‘हां हां’ म्हणालो होतो. ती मला कळली हिडकलला.

त्या पाण्याखाली हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. ते बघताना तुझे ते ओंडके आठवले, भिजून जड झालेले, एक टोक खाली आणि दुसरं पाण्याच्या अगदी बरोबरीला. केनोराच्या त्या तळ्यात 14,000 च्या वर बेटं आहेत म्हणतेस, मग ओंडके किती असतील. विठ्ठलाला तिथनंच हात जोडले.

जुलैमधली गोष्ट तू मला पूर्ण सांगितलेली नाहीस. ढग खाली आलेले, चार पाहुणे धक्क्यावर घड्याळ दाखवत होते, आणि तू जायचं नाही म्हणालीस, एवढंच कळलं. पुढं कोण काय बोललं ते तू गिळलंस. मी तुला माझी एक गोष्ट सांगतो, ती आईला सुद्धा धड माहीत नाही. तू जन्मायच्या आधीचा हंगाम. मालकाचा टेम्पो बाजाराला जायला उभा, शेवटचं आदण काहिलीत, आणि मालक डोक्यावर उभा, “उतर, उतर.” रस आटत आला की आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक, मग वास फिरतो. थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळते का बघायची, ती गोळी कडेला मारली की टण्ण वाजायला हवी. शेतकी कॉलेजची माणसं त्याला 118 अंश म्हणतात, आमचं थर्मामीटर म्हणजे ती गोळी. माझी गोळी वळत होती, वाजत नव्हती. अजून तीन-चार मिनिटं हवी होती. मी काहील उतरवली. गूळ साच्यातनं निघाला खरा, पण बाजारात पोचेपर्यंत रवे पाझरायला लागले, पोती चिकटली. मालकानं आठवड्याची मजुरी कापली. “मीच घाई केली” असं तो म्हणाला नाही, आणि का म्हणावं? झारा माझ्या हातात होता. कापल्या पैशाचं दुःख लवकर गेलं. गोळी वाजली नव्हती हे मला ऐकू आलं होतं, ते अजून गेलेलं नाही. तर तुझ्या जुलैचं मला सगळं सांग. रागवणारे कोण होते ते नको सांगू, ढग किती खाली होते ते सांग.

आणि ते पाण्याखालचं प्रशिक्षण. केबिनमध्ये पट्ट्यानं बांधून पाण्यात उलटं करतात, तो व्हिडिओ तू मला का पाठवलास कळत नाही. मी दोनदा बघितला, आईला दाखवला नाही. आधी एका हातानं दाराची कड घट्ट धरायची, मगच पट्टा सोडायचा, जाकीट बाहेर आल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर ते छताला चिकटवून ठेवतं. मला पाठ झालंय. मला पाठ होऊन काय उपयोग, पण झालंय.

काल सकाळी मी मामांना फोन केला. म्हणालो, परवा तुम्ही विचारलं त्याला मी उत्तर दिलं नाही, ते राहून गेलं होतं. होय, पोरगी हंगामी आहे. मी पण हंगामी, तिची आई पण. तिचा हंगाम संपतो तेव्हा माझा सुरू होतो, असं आमचं घर बारा महिने चालतं. ते “बरं बरं” म्हणाले. तिकडनं परत फोन आलेला नाही, येईल असं वाटतही नाही. आईला थोडं लागलंय, दोन दिवस भाकरी जाड होतायत. हे तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिलं. तू तिला त्यावरनं काही बोलू नकोस.

मोठ्या कंपनीत जायचं तर तुझ्या मनानं जा. माझ्या त्या बोलण्यावरनं अर्ज टाकला असशील तर मला सांग.

गुऱ्हाळाचं यंदा जरा अवघड आहे. आपल्या शिवारात एकेकाळी सात होती, आता दोन चालतात, आणि दुसऱ्याला जळव्या मिळेना. मालकानं मला विचारलंय, माझे गुडघे मात्र नको म्हणतात. पहिलं आदण दिवाळीनंतर. मळी काढायला भेंडीची झाडं बांधावर लावलीत, चांगली आलीत. तुझी विमानं धक्क्यावरनं वर ओढून ठेवल्यावर तिकीट काढ, आधीची घाई नको. काही विमानांना हिवाळ्यात स्की लावतात म्हणालीस, तसलं काम मिळालं आणि राहावंसं वाटलं तरी कळव. काकवीची बाटली भरून ठेवीन, तशी ती वर्षभर टिकते.

बाकी सर्व क्षेम. म्हैस गाभण आहे. पाऊस यंदा हस्तापर्यंत रेंगाळेल असं दिसतंय.

आई म्हणते, काल तू आकडा पाठवला नाहीस. कालनिर्णयावर परवाचे चौदा आहेत आणि कालचा रकाना मोकळा आहे. तेवढा कळव.

तुझे
आप्पा